दुसऱ्या प्रतीतून

महोदय,

इथे इस्रायलमध्ये शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनी सकाळी अकराला दोन मिनिटं भोंगा वाजतो, तेव्हा मला खालच्या मजल्यावरचा मुलगा आठवतो. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, घरात अजून मराठीच. जिन्यात भेटला की 'आजोबा, बरं आहे ना?' एवढं मराठी तो आमच्याकडून शिकला होता.

तो हेसदेर येशिवातला, म्हणजे धर्मशिक्षण आणि सैन्यसेवा यांची सांगड घालणाऱ्या ज्यू विद्यालयातला. साधारण पाच वर्षांचा हा क्रम. बराच काळ तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाचं अध्ययन, मधली दीडेक वर्षं प्रत्यक्ष सैन्यात. इतर मुलांना याहून जास्त काळ गणवेशात काढावा लागतो, त्यामुळे काहींना ही सवलत वाटते. मलाही पूर्वी वाटायची, खोटं कशाला बोलू!

तो रोज तालमूदचं एक पान वाचायचा. या गतीनं २,७११ पानं संपायला साडेसात वर्षं लागतात. त्याच्या आईनं मला तो ग्रंथ दाखवला. कोपऱ्यांना बंदुकीच्या तेलाचे डाग, खूण म्हणून बुटाच्या नाडीचा तुकडा. ती नाडी ती कुणाला हलवू देत नाही. पुढचं पान वडील रोज पहाटे वाचतात, दुसऱ्या प्रतीतून.

– एक ज्येष्ठ वाचक, अश्दोद