उकळला की गुण गेला

महोदय,

चिनी वैद्यकाची चर्चा सुया टोचण्यापाशीच थांबते, याचे वाईट वाटते. चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांची हिवतापावरची कृती पाहा: मूठभर छिंगहाव (आपल्या दवण्याच्या जातकुळीतली वनस्पती) दोन शंग, म्हणजे साधारण ४०० मिलिलिटर पाण्यात भिजवा, पिळा, सगळा रस प्या. उकळायचे नावच नाही! १९७१ मध्ये चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांनी यावरूनच अर्क काढायला ३५ अंशांना उकळणारे ईथर हे द्रावक वापरले, कारण जास्त उष्णतेने गुण नासत होता. त्यातूनच हिवतापावरचे औषध आर्टेमिसिनिन मिळाले. २०१५ चे नोबेल त्यासाठीच.

मात्र हिवतापावर या पाल्याचा चहा कुणीही घेऊ नये. आर्टेमिसिनिन पाण्यात जेमतेम विरघळते. मात्रा अपुरी पडून ताप उलटतो, शिवाय हिवतापाचे परजीवी औषधाला सरावतात. रक्त तपासून डॉक्टरांनी दिलेला गोळ्यांचा कोर्स पूर्ण करावा.