शाहू मिलच्या जागेवरचं चित्र

प्रिय सुन्या,

हे तुलाच लिहावं लागतंय. घरात सांगितलं तर ‘स्मारक होतंय, चांगलंच हाय की’ म्हणून मोकळे होतात. आईचा गुडघा ठीक, माझी शुगर आटोक्यात.

परवा पक्याच्या ओळखीच्या एका आर्किटेक्टनं हौसेनं काढलेलं चित्र दाखवलं. आपल्या कोल्हापूरच्या शाहू मिलच्या जागेवर राजर्षी शाहू महाराजांचं स्मारक. उंच पुतळा, कारंजी, लॉन. हात चांगला आहे पोराचा. पण चित्रात मिलच नाही! साचेखातं, म्हणजे मागांचं खातं नाही, धुराची चिमणी नाही. 1906 साली महाराजांनी काढलेली मिल, 2003 ला बंद पडली, आणि आता त्यांच्याच स्मारकासाठी तिच्या भिंती पाडायच्या? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

रंकाळ्यावर भांडलो तेच परत, म्हणशील. व्हय, तेच. स्मारक लांबून दिसलं पाहिजे हा तुझा हट्ट. मग बिंदू चौकातले फुले-आंबेडकर बघ. साधे अर्धपुतळे. माधवराव बागलांच्या पुढाकारानं 9 डिसेंबर 1950 ला बसले, बाबासाहेब हयात असताना. आजही सभा, मोर्चा म्हटलं की पावलं तिकडंच वळतात. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर विल्सन, त्याचा इथला पुतळा तर संगमरवरी होता. 1942 मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरेंनी तो विद्रूप केला, आणि 1945 ला त्या जागी शिवाजी महाराज आले. दगड भारी असून काय उपयोग झाला?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा फोनवर हुंदके देत होतास. पुतळ्यासाठी रडलास काय लेका? शिट्टी मारली म्हणून सरांनी तुझा कान पिळला होता, त्या खुर्चीसाठी रडलास. 6 मे 2022 ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता गाव 100 सेकंद थांबलं, तेव्हा मी रस्त्यातच गाडी बंद करून उभा होतो. माझ्या शेजारी भाजीची पाटी घेतलेली म्हातारीही उभी होती.

पुतळा नको असं मी म्हणत नाही. पण खाती राहू देत, चार साचे चालू राहू देत, भिंतीवर कामगारांची नावं येऊ देत, पाळीच्या वेळेला भोंगा होऊ दे.

नवी नोकरी मानवली का? पोरीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

आणि काकांना बसवून मिलचा नकाशा काढून घे. त्यांनी सांगावं, तू आखावंस. कुठलं खातं कुठं, पाणी कुठं प्यायचे, पगाराची खिडकी कुठल्या अंगाला होती, सगळं. त्या पोराच्या चित्राशेजारी तो कागद मला ठेवायचाय. लवकर पाठव.

तुझा,
बाळ्या