इंजिन बांधून होईपर्यंत घरचं गॅरेज वापरू द्यावं, ही विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व कार्यकारिणी सदस्य,
आपली गृहनिर्माण सहकारी संस्था,
वरुड, जि. अमरावती

विषय : प्लॉटमधील गॅरेजमधून ट्रकचे इंजिन हलवण्याच्या नोटिशीबाबत

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

गॅरेजमधलं इंजिन पंधरा दिवसांत हलवा, अशी संस्थेची नोटीस मिळाली. माझी विनंती एवढीच आहे की इंजिन आज पूर्ण उघडं आहे, ते बांधून बंद होईपर्यंत, म्हणजे मृग लागेपर्यंत मुदत द्यावी. त्यानंतर ते इथे राहणार नाही. आमच्या संत्र्याच्या मळ्यात त्याच्यासाठी ओटा बांधून तयार आहे.

आत्ताच का हलवता येत नाही, ते सांगते. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, आणि ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला सांगाडा, अमरावतीच्या मशीन शॉपमधून करून आणले आहेत. क्रँक घासून तिला त्या बारीक झालेल्या मापाचे (अंडरसाइज) बेअरिंग बसवले, बोअरही, म्हणजे सिलिंडरची भोकंही, नवीन पिस्टनच्या मापाचे झाले. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात तेलासाठी जी फट ठेवतात, ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी असते. तिच्यात धुळीचा कण शिरला की बेअरिंगच्या मऊ धातूला चरे पडतात, आणि इंजिन चालू झाल्यावर ते वाढतच जातात. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या वावटळी तुम्हाला सांगायला नकोत. चारशे किलोच्या वर वजनाचा हा उघडा संच टेम्पोत टाकून कच्च्या रस्त्याने मळ्यात नेला, तर झालेलं सगळं काम परत करावं लागेल. आणि पाऊस लागल्यावर उघडं ठेवलं, तर ताज्या बोअरला दमट हवेत गंज चढायला वेळ लागत नाही. म्हणून आत्ता हलवायचंही नाही आणि पावसात उघडंही ठेवायचं नाही. मधले हे उन्हाळ्याचे दिवसच कामाचे आहेत.

हे इंजिन बाबांच्या टाटा 1210 चं आहे. आपल्यातल्या जुन्या सभासदांना तो ट्रक आठवत असेल. आंबिया बहाराचा संत्रा भरून बाबा नागपूरला जायचे, सातपुडा चढून उत्तरेच्या मंड्यांना जायचे. आमचं शिक्षण, बहिणीचं लग्न, हा प्लॉटसुद्धा त्याच कमाईतून आला. ट्रक भंगारात गेला तेव्हा इंजिन मी जाऊ दिलं नाही. 697 नावाचं हे सहा सिलिंडरचं, पावणेसहा लिटरच्या जवळपासचं डिझेल इंजिन आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1954 साली जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर ट्रक बांधायला घेतले आणि 1969 ला तो करार संपला, पण या इंजिनाची मूळ घडण त्याच काळातली. यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पंपातून नोझलला डिझेल कसं जातं, 1-5-3-6-2-4 या क्रमाने सिलिंडर कसे पेटतात, हे सगळं पाना हातात घेऊन समजून घेता येतं.

रविवारी बाहेरची मुलं येतात, अशी तक्रार नोटिशीत आहे. ती मुलं आयटीआयला डिझेल मेकॅनिक ट्रेड शिकतात. मोटार स्टँडवर आयुष्य काढलेले मिस्त्रीकाका त्यांना समोर बसवून व्हॉल्वला पेस्ट लावून सीटवर कसा फिरवायचा, हेडचे नट मधून सुरुवात करत बाहेरच्या बाजूला टप्प्याटप्प्याने कसे आवळायचे, हे दाखवतात. कोणाकडून पैसे घेत नाही, कोणाला देत नाही. गॅरेजमध्ये व्यवसाय करायचा नाही हा संस्थेचा नियम मला मान्य आहे आणि तो इथे मोडलेला नाही. गावातल्या मुलांच्या हाताला असं काम शिकायला मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे, आणि समितीलाही तो वाटावा असं मला वाटतं.

आवाजाबद्दल बोलायचं तर बोअरिंग आणि ग्राइंडिंग ही मशीनची कामं गावाबाहेर झाली. इथे उरलं आहे ते हाताने जोडण्याचं काम. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. सायलेन्सर नसलेलं हे इंजिन सुरू केलं तर ती नक्कीच ओलांडली जाईल. म्हणून पहिला स्टार्ट इथे द्यायचाच नाही, मळ्यातच द्यायचा, असं मी ठरवलं आहे आणि तसं लेखी देते. शेजारच्या काकूंना दुपारी झोपायची सवय आहे, त्यामुळे एक ते चार कामही बंद ठेवीन.

आगीची भीती रास्त आहे. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि अशा उन्हात बंद खोलीत डिझेल साठवणं मलाही पटत नाही. गॅरेजमध्ये डिझेलचा कॅन नसतो. पार्ट धुवायला लागेल तेवढंच आणतो, धुणं सकाळी उघड्या अंगणात होतं. काढलेलं जुनं ऑइल झाकणाच्या ड्रममध्ये आहे. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते अधिकृत घेणाऱ्यालाच द्यावं लागतं, तसंच देणार आहे. नालीत एक थेंब गेलेला नाही. वाळूची बादली आणि अग्निशामक दोन्ही दाराशी ठेवले आहेत.

निर्णय घेण्याआधी समितीतल्या दोघा-तिघांनी येत्या रविवारी सकाळी येऊन काम पाहावं. मिस्त्रीकाका असतील, विचाराल ते सांगतील. आणखी काही अटी घालायच्या असतील तर त्याच वेळी सांगाव्यात, मी पाळीन. तोवर नोटिशीची मुदत थांबवावी आणि तसं लेखी कळवावं.

कळावे,

आपली विश्वासू,
प्लॉटधारक सभासद