भरगच्च महिन्यातल्या चार कादंबऱ्या : ग्रंथपालबाईंना अनावृत पत्र

आदरणीय ग्रंथपालबाई,

सप्रेम नमस्कार.

वर्षअखेरचे हिशेब मिटवण्याच्या महिन्यात पुस्तक हाती धरायलाही सवड होत नाही, ही माझी तक्रार ऐकून घेतल्यावर आपण कथासंग्रहाऐवजी कादंबऱ्या पुढे केल्यात, तेव्हा मला आश्चर्य वाटले होते. कामात बुडालेल्या माणसाने कथा वाचाव्यात, असा सर्वसाधारण समज आहे. आपले म्हणणे नेमके उलट होते : कथा संपली की पुढच्या कथेत पुन्हा नव्याने ओळखपाळख करून घ्यावी लागते, कादंबरीतली माणसे एकदा ओळखीची झाली की दहा मिनिटांची सवड मिळाली तरी त्यांच्याकडे जाऊन येता येते. हे म्हणणे मला पटले, आणि ते पटवून देण्यासाठी आपण जो क्रम लावून दिलात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) आपण पहिली दिलीत, यात मोठे शहाणपण होते. धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराला एकेक माणूस जसा हळूहळू उलगडत जातो, तसाच तो तुटक वाचणाऱ्यालाही उलगडतो. त्यामुळे आठ-दहा पाने वाचून पुस्तक मिटावे लागले तरी काही हुकल्यासारखे वाटत नाही. गावकऱ्यांना हाताशी धरून मास्तर तालीम उभी करतो आणि मग दुष्काळ येऊन तीच वाडी ओस पडत जाते, हा भाग मात्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि त्यानंतर बराच वेळ समोरच्या आकड्यांची बेरीज लागेना. माडगूळकर कुठेही आवाज चढवत नाहीत, हे त्याचे कारण असावे.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (1960)मध्ये आपण घातलेली चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. ‘दमलेल्या रात्री उघडू नका, संवाद पुटपुटत वाचा’ एवढेच त्यावर लिहिले होते. वऱ्हाडी बोली माझ्या कानाला सवयीची नाही. डोळ्यांनी भराभर वाचू गेले की वाक्ये निसटत, ओठांनी उच्चारली की कौतिक समोर बसून बोलते आहे असे वाटे. शिंप्याच्या घरातली ही बाई नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी आणि दारिद्र्याशी ज्या चिकाटीने झुंजते, ती वाचताना दया वाटत नाही, धाक वाटतो. महिन्याभरात वाचलेल्या चौघांपैकी आजही मनात पहिली येते ती कौतिकच. हे पुस्तक घाईत उरकता येत नाही आणि त्याची चाल आपल्याला धरावी लागते, हे आपण आधीच बजावले नसते तर मी ते अर्ध्यावर परत केले असते.

‘कोसला’बद्दल (1963) आपले थोडे मतभेद आहेत, ते इथे नोंदवते. पांडुरंग सांगवीकरचे वसतिगृह, मेस आणि तिथली तिरकस थट्टा मोकळ्या वेळेच्या तुकड्यांत छान वाचून होते. डायरीचा भाग तर जणू त्यासाठीच आहे. पण पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पाने दोन कामांच्या फटीत वाचण्याची नाहीत. भालचंद्र नेमाडे इतका वेळ हसवत आणतात की आपण बेसावध असतो, आणि त्यानंतर लगेच फोन उचलून एखाद्या थकबाकीविषयी बोलणे क्रूर वाटते. त्या पानांआधीही आपली एक चिठ्ठी हवी होती.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) आपण शेवटी आणि सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवायला सांगितलीत. युरोपातून पूर्वेकडे निघालेले जहाज, त्यावरचे जर्मनीतून हुसकावलेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा यांचे प्रवासापुरतेच आयुष्य असलेले प्रेम : इथे बोटीबरोबर वेळही संपत चाललेला असतो, म्हणून मध्ये थांबणे म्हणजे त्या ताणाचा जीव घेणे. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी ही कादंबरी प्रसिद्ध झाली, हे ध्यानात ठेवून वाचले की तिच्या आटोपशीरपणाचे अधिकच नवल वाटते. दुपारी सुरू करून दिवेलागणीपर्यंत मी ती संपवली.

वाचकाला काय आवडेल हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणते पुस्तक किती सलग वेळ मागते आणि समोरच्याजवळ तो आहे का, याचा विचार करून पुस्तक हाती ठेवणारे विरळा. आपण मुदतीबाबत दाखवलेल्या सवलतीबद्दलही ऋणी आहे, जरी नियमपुस्तिकेला ती मान्य नसावी.

आता हिशेब मिटले आहेत आणि सवड भरपूर आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड माझ्या नावावर राखून ठेवावेत, ही विनंती. चिठ्ठ्या आत असतील, हे गृहीत धरते.

आपली कृतज्ञ,
एक वाचक