खुले पत्र: मंत्रीमहोदय, खातरजमा करायची कुणी?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सविनय नमस्कार.

कालच्या टपालाने माझ्या तक्रारीला उत्तर आलं. एका ओळीचं. ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ खाली गोल शिक्का आणि न लागणारी सही. उत्तर आलं हेच आमचं भाग्य, त्याबद्दल आभार.

आता बाब ऐका. माझा धाकटा भाऊ शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर आहे. टाइप वन. त्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणजे सुई थांबली की चार-दोन दिवसांत जिवावर बेततं. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, नावामागे डॉ. ‘इन्सुलिन सोडा, शुगर मुळापासून घालवा.’ खाली चूर्ण मागवायचा नंबर, त्याखाली ‘सर, आईची गोळी सुटली’ अशा कॉमेंटांची रांग. चूर्ण कुरिअरने आलं. डब्यावर ना परवाना क्रमांक, ना पत्ता. पोराने सुया बंद केल्या. मग उलट्या, धाप, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. घरात सगळे म्हणाले, पित्त झालंय. पहाटे आयसीयूत नेलं तेव्हा कळलं, याला किटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात, रक्तात आम्ल साचतं. भाऊ वाचला. आईच्या पाटल्या गेल्या.

तक्रार घेऊन गेलो तर टेबलामागचे साहेब म्हणाले, ही जाहिरात नाही, व्हिडिओ आहे. मंत्रीमहोदय, 1954 चा औषधे व जादूटोणा उपाय कायदा मी त्या रात्रीनंतर वाचला, तुमच्या माणसांनी नोकरीभर वाचलेला दिसत नाही. प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांतून केलेली घोषणासुद्धा त्यात जाहिरातच धरली आहे. धूरसुद्धा! आणि जे आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करायचाच नाही, त्या यादीत मधुमेह आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. गेल्या दहा वर्षांत किती जण आत गेले, आकडा द्या. औषध खातं आपल्याकडे नाही, हेही ठाऊक आहे. मंत्रिमंडळ तर एकच आहे ना?

आपलं खातं आम्हाला सांगतं, खात्री करूनच विश्वास ठेवा. कशी करायची? कोट खरा की भाड्याचा, हे पडद्यावर दिसतं का? आरोग्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी आपली पात्रता सांगावी, असा दंडक केंद्राच्या ग्राहक खात्याने 2023 मध्ये काढलाय. पाळतो कोण, विचारतो कोण? नोंदणी तपासायची तर अ‍ॅलोपॅथीची परिषद वेगळी, आयुर्वेदाची वेगळी. देशात दहा कोटींच्या वर मधुमेही आहेत, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचाच अभ्यास आहे. त्यातले निम्मे तरी फुकटचा सल्ला मोबाइलवर शोधत असतील, माझा अंदाज. शोधणार नाहीत तर काय करतील? ओपीडीत डॉक्टर मान वर करेपर्यंत पुढचा नंबर पुकारला जातो. व्हिडिओतला माणूस निदान वीस मिनिटं बोलतो, तेही मराठीत, डोळ्यांत डोळे घालून. आपल्या खात्याचं मराठी वाचा एकदा: ‘सदर रुग्णाने विहित मात्रेत औषध सेवन करावे’.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करू म्हणाला होतात. आपण नाही, दिल्ली म्हणाली. आमच्यासाठी सारखेच. 2025 उलटलं. त्या अडीच टक्क्यांत आमच्या तालुक्याला मधुमेहावर बोलायला एक माणूस मिळाला असता की नाही?

मागणी फार नाही. अशा व्हिडिओंच्या तक्रारीला एकच खिडकी करा, आणि तिथे बसणाऱ्याला ‘अखत्यारीत येत नाही’ म्हणायची मुभा नको. नोंदणी क्रमांक न दाखवता औषध विकणाऱ्यावर गुन्हा दाखल करा. इन्सुलिन का थांबवायचं नाही, हे तालुक्याच्या डॉक्टरांकडून मराठीत, घरातल्या भाषेत वदवून घ्या आणि मोबाइलवर टाका.

तो व्हिडिओ अजून चालू आहे. चूर्णाचा भावही वाढलाय. लिंक तक्रारीसोबत दिली होती, फाइल हरवली असेल तर पुन्हा पाठवतो.

आपला,
एक करदाता, बार्शी