पार्टीचा स्विंग बँड ठरवण्याआधी हे वाचा

मंडळी नमस्कार, आपल्या इंदूरच्या ग्रुपची जुन्या काळच्या थीमची पार्टी ठरलीये आणि बँडची नावं यायला लागलीयेत, छानच, पण नुसतं नाव नको, त्यांच्या लाइव्ह कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवा, स्टुडिओत चकाचक केलेला नाही, आणि त्यात समोर लोक नाचताना दिसले पाहिजेत. स्विंग हा जॅझचाच एक प्रकार, पण मुळात नाचायचंच संगीत, १९३५ ते १९४५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये लोक यावर लिंडी हॉप नावाचा जोडीनं करायचा नाच करायचे, त्यामुळे बसून ऐकायचा जॅझ कितीही भारी असला तरी इथे चालणार नाही.

१५-१७ जणांचा बिग बँड आपल्याला झेपणार नाही, ड्रम, डबल बेस, पियानो नि ट्रंपेट-सॅक्सोफोन असे ५-६ जण पुरे, फक्त बेस आणि ड्रम पक्के हवेत, पाय त्यावरच पडतात. नवशिक्यांसाठी मिनिटाला १२०-१४० ठोके ठेवा आणि गाणं ३-४ मिनिटांत संपवा, एकट्या वादकाचे लांबलचक सोलो नको, हे बँडला आधीच स्पष्ट सांगायचं. आणि जुन्या हिंदी सिनेमाचे संगीतकार सी. रामचंद्र यांची स्विंगच्या ढंगाची एक-दोन गाणी मागूच, त्यांच्याकडे चिक चॉकलेटसारखा ट्रंपेटवाला होता, घरातली मोठी माणसंही उठतील नाचायला!

पार्टी लॉनवर आहे, उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो, म्हणून बँड ७ लाच सुरू. व्हिडिओ रविवारपर्यंत टाका. ज्यांना नाच येत नाही त्यांनीही कळवा, बेसिक स्टेप्स आधी शिकवू.