खोकणाऱ्या मुलाला खेळू द्या
माननीय संपादक, स. न.

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाला खोकला येतो म्हणून खेळाच्या तासाला बसवून ठेवणे मला अत्यंत चुकीचे वाटते. १९८९ मध्ये शोधल्या गेलेल्या सीएफटीआर जनुकातील दोषामुळे या आजारात फुफ्फुसांतला कफ घट्ट होतो. धावताना, उड्या मारताना श्वास खोल आणि वेगवान झाला की हा कफ सुटू लागतो, आणि मधे थांबून जोराने श्वास सोडल्यावर, खोकल्यावर बाहेर पडतो. कफ मोकळा करण्यासाठी दिली जाणारी छातीची फिजिओथेरपी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. या मुलांच्या घामातून मीठ फार जाते, म्हणून इंदूरच्या उन्हाळ्यात त्यांना सकाळीच खेळवावे आणि पाण्याबरोबर मीठ किती द्यायचे तेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. हा आजार आनुवंशिक आहे, वर्गमित्रांना त्याची लागण होत नाही, हे शाळांनी इतर पालकांना स्पष्टपणे सांगावे.

– एक पालक, इंदूर